पुण्यात राहून त्स्वाना जेवण कसं करायचं: ज्वारी, चवळी, बोकड आणि भरपूर वेळ

मी सहा वर्षांची असताना बाबांना बोट्सवानात नोकरी लागली आणि पुढची बारा वर्षं आम्ही खाबोरोनेला काढली. (इकडे गॅबोरोन म्हणतात, पण तिथं तो पहिला ‘ख’ घशातून येतो.) कॉलेजसाठी पुण्यात आले तेव्हा सगळे म्हणाले, आलीस बाई घरी एकदाची, आणि मला मात्र संध्याकाळ झाली की आंबट बोखोब्याची (ज्वारीच्या घट्ट घोटलेल्या लापशीची) आठवण यायची, शेजारच्या न्कुकूंच्या अंगणातला लाकडाचा धूर आठवायचा. न्कुकू म्हणजे सेत्स्वानात आजी. त्यांच्याकडेच मी हे सगळं खायला शिकले, आणि करायला शिकले ते इथं पुण्यात, चुकत चुकत, कारण तिथं असताना करायची वेळच आली नव्हती.

आता ओळखीतली तिथून परत आलेली मराठी घरं, आणि पुण्यात शिकायला आलेली बात्स्वाना, म्हणजे तिथलीच, मुलंमुली सारखी विचारतात की पीठ कुठलं, मांस कुठलं, तिकडून काय आणायचं. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

१) आधी फोडणी विसरा

हे पहिल्या नंबरला मुद्दाम टाकलंय. सामान जमतं, भांडी जमतात, पण आपला हात आपोआप मोहरी-हिंगाच्या डब्याकडे जातो आणि तिथंच सगळं बिघडतं. माझी आई उत्तम स्वयंपाक करते, तिनं पहिल्यांदा सेस्वा (नुसत्या मिठात शिजवून कुटलेलं मांस) केला तेव्हा ‘नुसतं मीठ कसं चालेल’ म्हणून आलं-लसूण वाटण आणि थोडा कांदा-लसूण मसाला घातला. छान झालं होतं, सगळ्यांनी खाल्लं, पण ते मटणच झालं, सेस्वा नाही झाला.

त्स्वाना जेवणात चव येते ती तीन गोष्टींनी: मीठ, आंबवणं आणि वेळ. मांसाला मांसाची चव, धान्याला धान्याची. एकदा हे डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे. हळद नाही, तिखट नाही, कोथिंबीर तर नाहीच नाही. ज्याला तिखट पाहिजे त्यानं मिरचीचा ठेचा ताटात बाजूला घ्यावा, भांड्यात घालू नये.

२) सामान: जे पाहिजे ते बहुतेक इथंच आहे

खूप जण इथंच अडकतात, म्हणजे आफ्रिकन दुकान शोधत बसतात, ऑनलाइन महागडी पाकिटं मागवतात. अहो, माबेले म्हणजे ज्वारी! दिनावा म्हणजे चवळी. लेबेलेबेले म्हणजे बाजरी. लेत्लोडी म्हणजे आपले हिरवे मूग. ‘कोको या सेत्स्वाना’ म्हणजे अंगणात फिरणारी गावरान कोंबडी, शब्दशः ‘त्स्वाना कोंबडी’. आणि ज्वारी, बाजरी, चवळी, कलिंगड ही चारही पिकं मुळात आफ्रिकेतून फार पूर्वी आपल्याकडे आलेली आहेत, म्हणजे आपण जी भाकरी आपली म्हणून खातो तिचं धान्य तिकडचंच. मला हे कळलं तेव्हा पुण्यात परकं वाटायचं ते बरंच कमी झालं, खरंच सांगते.

चार माणसांच्या एका जेवणाला यादी अशी:

- ज्वारीचं भरड पीठ, अर्धा किलो
- बोकडाचं मटण हाडांसकट, दीड किलो
- पालेभाजी, दोन मोठ्या जुड्या (कुठली ते पुढं सांगते)
- चवळी, पाव किलो
- घट्ट आंबट दही, अर्धा किलो
- जाडं मीठ, थोडं तेल, एक कांदा, एक टोमॅटो, मूठभर दाण्याचं कूट

पिठाची गोष्ट नीट लक्षात ठेवा. भाकरीचं पीठ चालत नाही, ते फार बारीक असतं, त्याचा चिकट गोळा होतो खळीसारखा. गिरणीवाल्या काकांना सांगा की ‘जरा जाडसर, बारीक रव्यासारखं द्या’, आणि आपलं दळण बारीक पिठावर टाकायच्या आधी किंवा वेगळं दळायला सांगा. गिरणी जवळ नसेल तर ज्वारीचा रवा पाकिटात मिळतो, २०२३ चं भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून तर बऱ्याच दुकानांत दिसतो. दोन वाट्या रवा आणि एक वाटी भाकरीचं पीठ असं मिसळलं की जवळजवळ तिकडच्यासारखं होतं. ज्यांच्या घरी अजून ज्वारीच्या कण्या करतात त्यांना हा पोत लगेच कळेल.

मांसाचं असं आहे की बोट्सवानात सेस्वा मुख्यतः गाई-बैलाच्या मांसाचा करतात, गुरं हा तिथला जीव की प्राण. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या मांसावर बंदी आहे, त्यामुळे तो विचार सोडा. बोकडाचा सेस्वा तिथंही करतात, ही काही तडजोड नाही. मटणवाल्याला सांगायचं: खांदा, मान आणि नळ्या, तुकडे मुठीएवढे मोठे, करी कट करू नका. कोवळा बोकड नको, जरा जून बघा. दुकानात सगळे कोवळं मागतात त्यामुळे तो दोनदा विचारेल, तुम्ही ठाम राहा. जून मांसाला दोरे सुटतात, कोवळ्याचा लगदा होतो.

न मिळणाऱ्या गोष्टीही सांगून टाकते. फाने, म्हणजे मोफाने झाडावरच्या वाळवलेल्या अळ्या, त्याला इथं काहीच पर्याय नाही, शोधू नका. दित्लू, म्हणजे तिकडचे जमिनीखाली येणारे गोल टणक दाणे, तेही मला इथं कधी दिसले नाहीत, त्याऐवजी भुईमुगाच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून घ्या, भूक तरी भागते.

आणि तिकडून सामान आणणार असाल तर सावध. मांस, दुधाचे पदार्थ, बिया, वाळवलेला पाला यांना परवानग्या लागतात, आधी नियम वाचा. न्कुकूंनी स्वतः वाळवून दिलेला मोरोखो, म्हणजे पालेभाजी, अर्धा किलो असेल, एका विमानतळावर माझ्या बॅगेतून काढून समोर कचऱ्यात टाकला. त्या डब्यावर त्यांनी माझं नाव लिहिलं होतं. तेव्हापासून मी फक्त लाकडी लेफेत्लो (रवीसारखी काठी) आणि चमचे आणते.

३) भांडी

तिकडे तीन पायांचं बिडाचं काळं भांडं असतं, खाली लाकडं सारायची. इथं जाड बुडाचं बिडाचं किंवा हिंडालियमचं पातेलं आणि घट्ट झाकण पुरे. झाकण सैल असेल तर कडेनं कणीक लावा, आपण दम बिर्याणीला लावतो तशी.

लेफेत्लो म्हणजे दोन्ही तळहातांमध्ये फिरवायची काठी, टोकाला तारेचं किंवा लाकडाचं गुंतवळ. आपली रवी! ताक घुसळायची लाकडी रवी घरात असेल तर दुसरं काही नको. लाकडी उलथनं एक, चांगलं लांब दांड्याचं. आणि उखळ-मुसळ असेल तर उत्तम, ते तिथंही असतं, किका आणि मोत्शे. फ्लॅटमध्ये रात्री मुसळ चालवता येत नाही, तेव्हा वरवंटा वापरा.

४) टिंग: तीन दिवस आधी सुरू करा

टिंग म्हणजे आंबवलेलं ज्वारीचं पीठ. हेच जमलं की निम्मं जेवण जमलं.

दोन वाट्या भरड पीठ घ्या, त्यात कोमट पाणी घाला (बोट बुडवलं तर सुखद वाटेल एवढंच), इडलीच्या पिठापेक्षा जरा सैल करा. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ओता, अर्धी बरणी रिकामी ठेवा कारण ते फुगतं. वर फडकं बांधा आणि ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवून द्या. तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबट धातूला लागतं.

पुण्यात मे महिन्यात दीड दिवसात होतं, डिसेंबरात तीन दिवस लागतात. कसं ओळखायचं? बरणीच्या काचेला कान लावला तर बारीक चरचर ऐकू येते, वर बुडबुडे असतात, आणि वास आंबट पण स्वच्छ, दह्याच्या निवळीसारखा. गुलाबी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली, किंवा कुजका वास आला तर सरळ फेकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका. पाणी वर आणि पीठ खाली बसलं तर काळजी नको, ढवळा.

पहिल्यांदा विरजण लागत नाही, पिठातच सगळं असतं. फक्त पुढच्या वेळेसाठी दोन चमचे टिंग छोट्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा, मग दुसऱ्या खेपेला एका दिवसात काम होतं.

एक गैरसमज: काही जण दही घालून लगेच आंबट करतात. आपल्या आंबिलीत ताक चालतं, तिची चवच ती आहे, पण टिंगाचा आंबटपणा धान्यातून आलेला असतो, तो जिभेवर मागाहून येतो. घाई असेल तर साधं, न आंबवलेलं बोखोबे करा, पण दह्याचं टिंग करू नका.

५) बोखोबे शिजवणं

चार वाट्या पाणी उकळायला ठेवा, मीठ नाही. उकळी फुटली की टिंग बारीक धारेनं ओता आणि दुसऱ्या हातानं रवी फिरवत राहा, इथं दोन माणसं असली तर बरं. साधं पीठ वापरणार असाल तर आधी थंड पाण्यात कालवून मग ओता, कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा.

पातळ असतानाच काढलं तर तो मोतोखो, सकाळी साखर-दूध घालून प्यायचा. जेवायचं बोखोबे घट्ट पाहिजे. गॅस मंद करा, झाकण ठेवा, दर पाच मिनिटांनी उलथन्यानं भांड्याच्या कडेला दाबून दाबून घोटा. पंचवीस-तीस मिनिटं. कच्चं राहिलं तर घशात पिठूळ लागतं. झालं की उलथनं मधोमध उभं राहतं.

मक्याचं फालेचे पण असंच करतात. पण आपल्या दुकानात मक्याचं पीठ पिवळं आणि बारीक मिळतं, तिकडचं पांढरं आणि रवाळ असतं. पांढरा मका मिळाला तर दळून आणा, नाहीतर ज्वारीच करा, माझं मत विचाराल तर ज्वारीच भारी.

६) सेस्वा: घाई केली की संपलं

आठ-नऊ वर्षांची असेन, मोचुडी गावाला एका लग्नाला आम्ही आदल्या रात्रीच गेलो होतो. मोठ्या कार्याचा सेस्वा तिथं पुरुष करतात, लग्न असो की मयत, स्वातंत्र्यदिन असो (३० सप्टेंबर, १९६६ पासूनचा), रात्रभर विस्तवाशी बसून. एका मामांनी, म्हणजे आईच्या वयाच्या एका म्मांचे (मोठ्या बाईंना तिथं म्मा म्हणतात) ते भाऊ, मला मिठाची पिशवी धरायला दिली होती. त्यांनी मूठभर मीठ घेतलं, भांड्यावर हात गोल फिरवत सोडलं, झाकण लावलं आणि माझ्याकडची पिशवी परत घेऊन तोंड बांधून टाकलं. बास. सकाळपर्यंत दुसरं काही त्यात गेलं नाही. पहाटे दोघं जण लाकडी दांड्यानं ते मांस कुटत होते, एकाचा घाव पडला की दुसऱ्याचा, आणि वाफेत त्यांचे चेहरे दिसत नव्हते.

आता घरची कृती. मटण धुवून पातेल्यात, वर दोन बोटं पाणी, दीड किलोला तीन चहाचे चमचे जाडं मीठ. मोठ्या गॅसवर उकळी, वरचा फेस काढा, मग गॅस अगदी बारीक आणि झाकण. साडेतीन ते चार तास. मध्ये पाणी कमी पडलं तर उकळतंच घाला, गार नको. शहरातल्या घरांमधून कांदा किंवा तमालपत्र टाकतात, मी टाकत नाही.

मांस हाडावरून आपोआप सुटलं की हाडं वेचून काढा. आणि नीट वेचा, बोकडाच्या मानेत बारीक कपच्या असतात, लहान मुलं जेवणार असतील तर दोनदा हात फिरवा. मग मांस पातेल्यातच वरवंट्यानं किंवा मुसळानं कुटा. मिक्सर नाही! मिक्सरमध्ये खिमा होतो, आपल्याला दोरे पाहिजेत. कुटून झालं की झाकण काढून उरलेलं पाणी आटवा, शेवटी त्याच्याच चरबीत पाच मिनिटं परतू द्या, कडा जरा तांबूस होईपर्यंत.

कुकरचं सगळेच विचारतात. ऑफिसातून येऊन करायचं असेल तर कुकरला सहा-सात शिट्ट्या द्या, पण मग उघड्या पातेल्यात निदान पाऊण तास मंद आटवा, नाहीतर मांस मऊ होतं पण पाणचट लागतं. सुट्टीच्या दिवशी मात्र कुकरला हात लावू नका.

मटण न खाणाऱ्यांसाठी यातलं काही बदलून होत नाही. त्यांना मोरोखो आणि दिखोबे (ज्वारी-चवळी, कृती पुढं आहे) वाढा, ती पूर्ण जेवणं आहेत.

७) मोरोखो: नावावर जाऊ नका

मोरोखो वा दिनावा म्हणजे चवळीच्या वेलाची पानं. आता मंडईत जाऊन ‘चवळी द्या’ म्हणालात तर जी जुडी मिळते ती बहुतेक वेळा चवळईची असते, म्हणजे माठाच्या कुळातली. मी दोन वर्षं तीच आणत होते आणि चव का येत नाही म्हणून डोकं खाजवत होते. ती वाईट नाही हं, तिकडे माठालाही मान आहे, त्याला थेपे म्हणतात, पण ती वेगळी भाजी.

खरी चवळीची पानं पाहिजेत तर किराणा दुकानातली चवळी रात्रभर भिजवून बाल्कनीतल्या कुंडीत पेरा. ऊन असेल तर महिन्याभरात पानं खुडायला येतात, कोवळी घ्या, तीन पानांचा झुपका असतो. न्कुकू ती मिठाच्या पाण्यात चांगली अर्धा तास शिजवायच्या, मुठीत दाबून पाणी काढायच्या आणि पत्र्यावर उन्हात वाळवायच्या, काळी कुळकुळीत होईपर्यंत. पुण्यात एप्रिलमध्ये तीन-चार दिवसांत वाळतं, वर पातळ कापड टाका माशांसाठी. वर्षभर टिकतं. आपण सांडगे घालतो तोच मोसम, दोन्ही एकाच गच्चीवर होतात.

करताना: वाळलेला असेल तर तासभर भिजवा. थोड्या तेलात कांदा-टोमॅटो परता, मोरोखो आणि मीठ घाला, जरासं पाणी, वीस मिनिटं झाकून. शेवटी हवं तर दाण्याचं कूट. हिरवागार राहावा म्हणून अर्धकच्चा ठेवू नका, मोरोखो गडद आणि मऊच पाहिजे.

८) जोडीचे पदार्थ, थोडक्यात

दिखोबे: अख्खी ज्वारी आणि चवळी एकत्र शिजवलेली, मक्याचीही करतात. ज्वारी रात्रभर भिजवा, आधी तासभर तीच एकटी शिजू द्या, मग चवळी घाला. दोन्ही एकदम टाकलं तर चवळीचा लगदा आणि ज्वारी टचटचीत. मीठ, चमचाभर तेल, झालं.

मादिला: आंबवून निथळवलेलं घट्ट दूध, पूर्वी लेकुका नावाच्या चामड्याच्या पिशवीत करायचे. इथं दही फडक्यात बांधून चार तास टांगा, चक्का अगदी घट्ट होऊ देऊ नका, आणि फेटून सैल करा. साखर घालू नका, श्रीखंड वेगळं.

माख्विन्या: सकाळी बस रँकवर मिळणारे तळलेले गोळे. चार वाट्या मैदा, दोन चमचे यीस्ट, तीन मोठे चमचे साखर, मीठ, कोमट पाणी, तासभर फुगू द्या, मध्यम तेलात तळा. तेल कडक तापलं तर वरून लाल आणि आतून कच्चे.

बोखोबे ज्वा लेरोत्से: लेरोत्से हे शिजवायचं कलिंगडाच्या जातीचं फळ, गोड नसतं. त्याला माझा उपाय म्हणजे कलिंगडाची लाल फोड खाऊन झाल्यावर उरतो तो पांढरा भाग, हिरवी साल काढून, आणि तेवढाच कोहळा. मऊ शिजवून घोटा, वाटीभर मादिला घाला, मग टिंग घालून बोखोब्यासारखंच शिजवा. किंचित साखर चालते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा बाबा पातेल्याजवळ येऊन नुसते वास घेत उभे राहिले होते.

९) रविवारच्या जेवणाचं घड्याळ

गुरुवारी रात्री टिंग भिजवा (उन्हाळ्यात शुक्रवारी). शनिवारी रात्री ज्वारी भिजत घाला. रविवारी सकाळी आठला मटण गॅसवर, नऊला दही टांगा, साडेनऊला दिखोब्याची ज्वारी चढवा. अकराला मोरोखो भिजवा. बाराला मटण कुटा. सव्वाबाराला बोखोबे आणि मोरोखो एकदम, दोन शेगड्यांवर. एकला पान.

वाढताना आधी मोठ्या माणसांना. बोखोबे ओल्या वाटीत दाबून ताटात पालथं घालायचं, बाजूला सेस्वा, मोरोखो, आणि हातानंच खायचं, छोटा गोळा करून अंगठ्यानं खळगा पाडून त्यात सेस्वा उचलायचा. आधी हात धुवायला तांब्या आणि घंगाळ्यासारखं भांडं पाहुण्यांच्या पुढ्यात न्यायची पद्धत आहे, ती जरूर पाळा. बोखोब्याचं पातेलं लगेच पाण्यात टाकू नका, तळाला जी खरवड धरते ती उलथन्यानं सोडवून मुलांच्या हातावर द्या, न्कुकूंकडे त्याच्यासाठी आम्ही रांग लावायचो.